गाडी ‘मिसिंग’ करते तेव्हा : आधी दोष शोधा, मग पार्ट बदला

आमच्या धाकट्या भावाचा बांगड्यांचा व्यवसाय आहे. फिरोजाबादचा काचेचा माल मिरजेत उतरवून घ्यायचा आणि तेथून आठवडी बाजार, जत्रा, उरूस अशा ठिकाणी न्यायचा, हे सारे काम तो एका जुन्या मारुती ओम्नीवर करतो. गाडी १९९९ सालची, कार्बोरेटरची, तिसऱ्या हाताने घेतलेली. गेल्या रमजानमध्ये शेवटचे दहा दिवस सुरू होण्याच्या बेतात रेल्वे फाटकापाशी गाडी उभी असताना मागच्या खोक्यांतून किणकिण ऐकू येऊ लागली. गाडी उभी होती आणि माल वाजत होता. इंजिन एका ठेक्यात चालत नव्हते. मध्येच एक धक्का, मग पुन्हा दोन बरे ठोके, पुन्हा धक्का. रेस दिली की गाडी नीट होई, पाय काढला की पुन्हा तेच. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करू लागली होती.

बांगडीवाल्याची वर्षाची कमाई ईदच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत होते, हे आमच्या मणियार बांधवांना सांगायला नको. भाऊ घाईने एका गॅरेजात गेला. तेथे पहिल्या दिवशी तिन्ही प्लग बदलले. तिसऱ्या दिवशी कॉइल बदलली. पाचव्या दिवशी कार्बोरेटर उघडून त्याचा किट टाकला. सहा दिवसांत सहा हजार चारशे रुपये गेले. मिसिंग गेले नाही. सातव्या दिवशी सांगण्यात आले, “आता हेड उतरवावे लागेल, अकरा हजार धरून चला.” माल गोदामात पडून होता आणि चाँदरात सहा दिवसांवर आली होती.

शेवटी मिरजेतल्या एका वयस्कर उस्तादांकडे गाडी ओढत नेली. त्यांनी दीड तासात दोष काढला. तो होता वीस रुपयांच्या एका रबरी टोपीचा. हेडला हात लावायची गरज पडली नाही.

हा प्रसंग कोणाला नावे ठेवण्यासाठी आम्ही सांगत नाही. आपल्या समाजात गाडीवर पोट असलेले व्यापारी पुष्कळ आहेत आणि गाड्या दुरुस्त करणारे कारागीरही पुष्कळ आहेत. दोष कसा शोधावा हे दोघांनाही ठाऊक असले तर एकाचे पैसे वाचतील आणि दुसऱ्याची इज्जत वाढेल. म्हणून उस्तादांनी जे केले ते आम्ही येथे क्रमाने मांडतो आहोत.

इंजिनाला तीनच गोष्टी लागतात

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला वेळेवर जोरदार ठिणगी, हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण आणि ते मिश्रण दाबून धरणारे घट्ट सिलिंडर, म्हणजे कॉम्प्रेशन, या तीन गोष्टी हव्या असतात. मिसिंग म्हणजे यांपैकी एक गोष्ट एखाद्या सिलिंडरला मिळत नाही. दोष शोधणे म्हणजे दोनच प्रश्नांची उत्तरे काढणे : कोणत्या सिलिंडरला मिळत नाही, आणि तिन्हींपैकी काय मिळत नाही?

ओम्नीचे जुने इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. तेच इंजिन मारुती ८०० मध्येही होते. १९८३ सालच्या अखेरीस मारुती ८०० आली आणि पुढच्या वर्षी ओम्नी. ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये थांबले, तरी तालुक्या-तालुक्यात या गाड्या अजून माल वाहत आहेत. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. समजा गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेते. म्हणजे एक सिलिंडर मिनिटाला ४५० वेळा आणि तिन्ही मिळून १,३५० वेळा पेटतात. दर २४० अंशांवर एक ठोका पडतो. एक सिलिंडर मेला तर ठोक्यांमधले अंतर एकदम ४८० अंशांचे होते. चार सिलिंडरच्या गाडीत चौथा हिस्सा जातो, येथे तिसरा. म्हणून तीन सिलिंडरची गाडी मिसिंगला जास्त थरथरते. तेव्हा केवळ थरथर फार आहे म्हणून दोष मोठा आहे, असे समजू नये.

आधी विचारा

उस्तादांनी पाना हातात घेण्याआधी भावाला खाली बसवून प्रश्न विचारले. मिसिंग थंड इंजिनावर होते की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत होते की चढावर, भरल्या मालासह? ते अचानक सुरू झाले की हळूहळू वाढले? त्याआधी गाडीत काही काम केले होते का? पाऊस लागला होता का? पेट्रोल कोठे भरले? पूर्वी कधी गॅसवर चालली होती का?

या प्रत्येक प्रश्नामागे कारण आहे. पावसात किंवा सकाळच्या दवात होणारे आणि ऊन चढल्यावर जाणारे मिसिंग बहुधा करंटच्या गळतीचे असते : प्लगच्या वायरी, डेल्कोची टोपी. चढावर, जोर पडल्यावर होणारे मिसिंग अशक्त ठिणगीचे किंवा पेट्रोल कमी पोहोचण्याचे असते. फक्त उभ्या गाडीत होणारे आणि रेस देताच जाणारे मिसिंग हवेच्या गळतीकडे, कार्बोरेटरच्या आयडल जेटकडे किंवा घट्ट झालेल्या टॅपेटकडे बोट दाखवते. एखादे काम झाल्यावर लगेच सुरू झाले असेल, तर त्या कामात हात लागलेली जागा आधी पाहावी. आमच्या गाडीचे मिसिंग उभ्या गाडीत, थंड-गरम दोन्ही वेळी होते आणि रेस दिली की जात होते. पूर्वीच्या मालकाने गॅसकिट बसवून नंतर ते काढले होते, हेही भावाने सांगितले. पहिल्या गॅरेजात हे कोणी विचारलेच नव्हते.

कोणता सिलिंडर?

ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलून गाडी चालू ठेवली आणि उस्तादांनी रबरी मुठीच्या पकडीने प्लगची एकेक वायर काढून लगेच परत बसवली. पहिली काढताच इंजिन बंद पडू लागले. तिसरी काढली तेव्हाही तसेच. दुसरी काढली तेव्हा फारसा फरक पडला नाही. जो सिलिंडर काम करतो त्याची वायर काढली की इंजिन पडते. जो आधीच झोपला आहे त्याची काढून काही बिघडत नाही. दोन मिनिटांत कळले की दोष दुसऱ्या सिलिंडरचा आहे.

ही परीक्षा करताना काही गोष्टी सांभाळाव्यात. या वायरीत हजारो व्होल्टचा करंट असतो, तेव्हा उघड्या हाताने धरू नये. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर जवळही जाऊ नये. काढलेली वायर हवेत लोंबकळत ठेवू नये, जादा प्लग लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवावी. नाहीतर कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक भाग खराब होऊ शकतात. जवळ पेट्रोल सांडलेले नसावे. सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ही परीक्षा लांबवू नये, कारण न जळालेले पेट्रोल त्यात जाऊन तो तापतो आणि निकामी होतो. मिसिंग करणारी गाडी महिनोन्‌महिने तशीच चालवू नये, यामागचे एक कारण तेच आहे.

परीक्षेनंतर सर्वच सिलिंडर सारखे अशक्त निघाले, तर दोष सर्वांच्या सामाईक भागात असतो : कॉइल, रोटर, टायमिंग, पेट्रोलचा पुरवठा. एकच अशक्त निघाला, तर सामाईक भाग बदलून उपयोग नाही. आमच्या भावाची कॉइल येथेच फुकट गेली. एकट्या दुसऱ्या सिलिंडरचा दोष कॉइलमध्ये असणे शक्यच नव्हते, कारण तीच कॉइल पहिल्याला आणि तिसऱ्याला उत्तम करंट देत होती.

प्लग बोलतो

यानंतर तिन्ही प्लग काढून जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने, कोणता कोणाचा ते लिहून ठेवले. प्लगचे तोंड वाचता येणे हे या कामातले अर्धे ज्ञान आहे.

फिकट तपकिरी, कोरडा प्लग म्हणजे सिलिंडर निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे मिश्रण येते पण पेटत नाही. ठिणगी किंवा दाब तपासावा. तेलाने चिकट काळा म्हणजे रिंग किंवा वॉल्व्ह सीलमधून ऑइल येते. पांढुरका प्लग म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, किंवा इंजिन फार तापते.

आमच्या गाडीचे प्लग सहा दिवसांपूर्वीच घातलेले होते. पहिला आणि तिसरा काजळीने काळे, मधला पांढुरका. उस्ताद हसले आणि म्हणाले, “बेटा, दोघे पोट फुटेस्तोवर जेवलेत आणि मधला उपाशी आहे.” पहिल्या गॅरेजात मिसिंग दाबण्यासाठी कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू सैल करून पेट्रोल वाढवले होते. त्याने मधल्याचे पुरेसे भागले नाही, बाकीच्या दोघांना मात्र जास्त झाले. गाडीचा ॲव्हरेज का घसरला होता, तेही समजले.

भाग बदलू नका, जागा बदला

आता ठिणगीचा हिशोब. उस्तादांनी नवा भाग आणला नाही. दुसऱ्याचा प्लग तिसऱ्याला आणि तिसऱ्याचा दुसऱ्याला लावला. दोष प्लगचा असता तर मिसिंग तिसऱ्यावर सरकले असते. सरकले नाही. मग लांबी पुरेल अशा बेताने वायरींची अदलाबदल केली. मिसिंग दुसऱ्यावरच राहिले. म्हणजे प्लग निर्दोष आणि वायरही निर्दोष. एक पैसा खर्च न करता दोन संशयित सुटले. वायर बदलताना इंजिनाचा क्रम लक्षात ठेवावा. या तीन सिलिंडरच्या इंजिनात तो १-३-२ आहे. नवशिके कारागीर येथेच वायरी उलटसुलट लावतात आणि नसलेला दोष निर्माण करतात.

डेल्कोची टोपी उघडून आतून पाहिली. तडा, कोळशासारखी बारीक रेघ, ओल किंवा झिजलेले टोक असेल तर करंट भलतीकडे जातो. रेघ पुसून जात नाही, टोपीच बदलावी लागते. जुन्या सीबी पॉइंटच्या गाड्यांत पॉइंटचे अंतर आणि कंडेन्सरही पाहावा. करंटची गळती पकडण्याची सोपी युक्ती म्हणजे अंधार. मगरिबनंतर दिवे बंद करून इंजिन चालू ठेवावे आणि वायरींवर फवाऱ्याने थोडा पाण्याचा शिडकावा करावा. गळती असेल तर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. आमच्या गाडीत तसे काही दिसले नाही.

दाब मोजल्याशिवाय हेड उतरवू नका

ज्या हेडसाठी अकरा हजार मागितले होते, त्याचा निवाडा कॉम्प्रेशन गेजने दहा मिनिटांत झाला. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलचे कनेक्शन सोडलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी चांगली, अशा स्थितीत प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून सेल्फ मारला. तिन्ही आकडे अर्ध्या किलोच्या आत सारखे निघाले. येथे आकडा किती यापेक्षा आकड्यांमधला फरक किती याला महत्त्व असते. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक खाली असेल तर पुढचा तपास करावा. त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत. वाढला नाही तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील, तर त्यांच्या मधल्या भागात हेड गॅस्केट फुटलेले असण्याची शक्यता मोठी. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील किंवा ऑइल ताकासारखे झाले असेल तर संशय पक्का होतो.

गेज नसेल तर सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरावी. पट्टी एकसारखी बाहेर फडफडली तर ठीक. मधून मधून आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट वॉल्व्ह नीट बसत नसल्याची शंका घ्यावी.

टॅपेटबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. टॅपेट वाजत नाही म्हणजे उत्तम, असे गिऱ्हाईक समजते आणि गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी काही कारागीर तो घट्ट करून देतात. घट्ट टॅपेटचा वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. आधी आयडलवर मिसिंग होते, मग वॉल्व्ह जळतो. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या जुन्या इंजिनात वॉल्व्हची बैठक हळूहळू झिजते आणि टॅपेटमधले अंतर आपोआप कमी होत जाते. म्हणून गॅसवरच्या गाडीचे टॅपेट आवाजाची वाट न पाहता ठराविक किलोमीटरनंतर फिलर गेजने मोजावेत. थोडासा वाजणारा टॅपेट परवडला, गप्प बसलेला नाही.

हवा कोठून ओढते?

ठिणगी ठीक, दाब ठीक. राहिले मिश्रण, आणि तेही फक्त दुसऱ्या सिलिंडरचे. कार्बोरेटर तर तिघांचा एकच आहे. मग एकाच सिलिंडरला जास्त हवा मिळते, याचा अर्थ ती कार्बोरेटरच्या पुढे, त्या सिलिंडरच्या वाटेवर कोठून तरी आत शिरते आहे.

उभ्या गाडीत थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि इंजिन जोराने ओढते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये पोकळी निर्माण होते. अशा वेळी सुईच्या नाकाएवढ्या फटीतूनही हवा घुसते आणि आधीच थोडे असलेले मिश्रण पातळ होते. रेस दिली की थ्रॉटल उघडतो, पोकळी कमी होते, मिश्रण भरपूर येते आणि तेवढी चोरटी हवा त्यात खपून जाते. म्हणून रेस देताच मिसिंग नाहीसे होते. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ खर्च वाचेल.

उस्तादांनी चालू इंजिनावर मॅनिफोल्डच्या जोडांवर ब्रशने जाड ऑइल लावत नेले. काही कारागीर येथे पेट्रोल शिंपडतात. तो आगीशी खेळ आहे, तो करू नये. जोडांवर फरक पडला नाही. मग एकेक रबरी नळी पकडीने दाबून पाहिली. तरी नाही. शेवटी दुसऱ्या सिलिंडरच्या वाटेवर, मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला एक बारीक पितळी तोंड सापडले. गॅसकिटची नळी तेथे लावली जात असे. किट काढताना त्यावर रबरी टोपी चढवलेली होती. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने तिला तडा गेला होता. उस्तादांनी त्यावर बोट ठेवले आणि इंजिन एकदम सरळ झाले. बोट काढले, पुन्हा थरथर. तीन वेळा करून दाखवले. मागे खोक्यांतला आवाज बोट ठेवताच थांबत होता.

नवी टोपी बसवली, वर क्लॅम्प लावला, मिक्श्चर स्क्रू पुन्हा योग्य जागी आणला, काजळी आलेले प्लग साफ करून लावले आणि आयडल ठरवले. गाडी त्याच संध्याकाळी माल घेऊन तासगावला गेली.

पीयूसीची चिठ्ठी वाचायला शिका

एक फुकटचे साधन आपण दरवेळी खिशात घालून विसरतो. पेट्रोल गाडीच्या पीयूसी चिठ्ठीवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन असे दोन आकडे असतात. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांसाठी आयडलवर मर्यादा ३ टक्के आणि १,५०० पीपीएम अशी ठरवलेली आहे. पहिला आकडा पेट्रोल जास्त असल्याचे सांगतो, दुसरा पेट्रोल न जळता बाहेर पडत असल्याचे. दोन्ही वाढले असतील तर मिश्रण गाढ आहे. पहिला कमी आणि दुसरा जास्त असेल, तर ठिणगी चुकते आहे किंवा हवा जास्त आहे. दोन वर्षांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या तर मिसिंग कानाला जाणवण्याआधी कागदावर दिसते.

बदलते पेट्रोल, बदलत्या गाड्या

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते. शिवाय जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत तेच जेट थोडे पातळ मिश्रण देते. हे इथेनॉल ओल धरते, आणि टाकीत पाणी जास्त झाले तर पाण्याबरोबर तळाशी बसते. जुन्या रबरी नळ्या आणि पॅकिंग त्याने लवकर खराब होऊ शकतात. जुन्या गाड्यांत काही रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, असे २०२५ मध्ये केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयानेही सांगितले. तेव्हा जुन्या गाडीत पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालाव्यात, फिल्टर वेळेवर बदलावा आणि गाडी महिना-महिना उभी ठेवू नये.

नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत संगणक स्वतः मिसिंग मोजतो. भारतात २०१३ पासून चारचाकींना ओबीडी-२ ची व्यवस्था आली. स्कॅनर लावला की पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, असे कोड दिसतात आणि पी०३०० म्हणजे अनेक सिलिंडर अनियमित. मात्र कोड फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो : कोणता सिलिंडर. ठिणगी, मिश्रण की दाब, हे कारागिरालाच शोधावे लागते. कोड दिसताच कॉइल बदलणारा आणि कानाने ऐकून कॉइल बदलणारा, दोघे एकाच माळेचे मणी. ज्या उस्तादांचे हात प्रीमियर पद्मिनीवर तयार झाले, त्यांची विद्या २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेल्या म्हणून संपलेली नाही. त्या विद्येला स्कॅनरची जोड देणे हे आता शागिर्दांचे काम आहे.

मजुरी कशाची?

उस्तादांनी पाचशे वीस रुपये सांगितले. वीस टोपीचे, पाचशे मजुरीचे. भाऊ चटकन बोलून गेला, “चाचा, टोपी तर वीसची. पाचशे कशाचे?” उस्ताद रागावले नाहीत. म्हणाले, “टोपीचे नाहीत बेटा. कोणती टोपी, हे शोधण्याचे आहेत.” भाऊ खजील झाला. सहा दिवसांत सहा हजार चारशे रुपये देताना त्याने हा प्रश्न विचारला नव्हता, कारण तेव्हा हातात नवे भाग दिसत होते.

येथे दोष आम्हा गिऱ्हाइकांचाही आहे. आपण भागाचे पैसे देतो आणि अकलेचे देताना कां-कू करतो. मग कारागीरही शिकतो की शोधण्यात वेळ घालवला तर मजुरी मिळत नाही, भाग बदलला तर मिळते. शिकलगाराने धार पाहिली, पिंजाऱ्याने कापूस हातात घेऊन ओल सांगितली, तर त्या पारखीचेही मोल असते. दोष शोधण्याची मजुरी वेगळी ठरवावी, आधी बोलून ठरवावी आणि खुशीने द्यावी.

आता कारागीर बांधवांसाठी एक गोष्ट. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात एका धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही असे त्या विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपल्या सर्वांना माहीत आहे. गाडीचे इंजिनही असाच झाकलेला ढीग आहे. आत काय आहे ते मालकाला दिसत नाही. तो तुमच्या शब्दावर पैसे मोजतो. ठाऊक नसताना “हेड गेले” म्हणणे आणि ओले धान्य कोरड्याखाली ठेवणे यांत फार अंतर नाही. “मला अजून कळलेले नाही, उद्यापर्यंत वेळ द्या” असे म्हणण्यात कमीपणा नाही. गाडी ही अमानत आहे. बदललेला जुना भाग मालकाच्या हातात द्यावा. आमच्या भावाची जुनी कॉइल चांगली होती. त्याने ती मागितली नाही आणि त्याला ती कोणी दिली नाही.

मालकांनी तीन सवयी लावून घ्याव्यात. मिसिंग केव्हा होते ते लिहून गॅरेजात जावे. कोणताही भाग बदलण्याआधी “कोणता सिलिंडर, आणि हे कशावरून ठरवले?” एवढे अदबीने विचारावे. कॉम्प्रेशनचे आकडे पाहिल्याशिवाय हेड उतरवण्यास होकार देऊ नये. हे विचारल्याने चांगला कारागीर नाराज होत नाही, उलट मन लावून काम करतो.

त्या वर्षी भावाचा निम्मा हंगाम गेला, पण चाँदरात हाती लागली. ईदनंतर तो शिरखुर्म्याचा डबा घेऊन उस्तादांकडे गेला, तेव्हा त्यांच्या हाताखालचा पंधरा-सोळा वर्षांचा शागीर्द एका गाडीच्या वायरी एकेक काढून कान लावून ऐकत होता. उस्ताद बाजूला स्टुलावर बसून गप्प होते. मुलाने मान वर करून सांगितले, “तिसरा.” उस्ताद म्हणाले, “बरोबर. आता कारण शोध.”